आयटीआय फिटर झालात? मग लाइनवर उभं राहू नका, मेंटेनन्सला घुसा

चाकण, रांजणगाव, वाळूज, कुठल्याही एमआयडीसीत बघा, हेल्पर ऑपरेटरच्या कामासाठी गेटवर गर्दी असते पण चांगला मेंटेनन्स फिटर पाहिजे म्हटलं की ठेकेदारसुद्धा डोकं खाजवतो. जुने मिस्त्री रिटायर होतायत आणि नवीन पोरांना ग्रीसमध्ये हात घालायचे नसतात, त्यात रात्री दोनला ब्रेकडाऊन आला की झोपेचं खोबरं. आता पार्ट बदलणारे ढीगभर मिळतात हो, तो पार्ट का गेला हे सांगणारा मिळत नाही. तुम्हाला तो दुसरा व्हायचंय.

रस्ता साधाच आहे, दहावीनंतर फिटरचा दोन वर्षांचा आयटीआय आणि मग अप्रेंटिसशिप. पोरं फसतात ती इथंच, कंपनी असेंब्लीला उभं करते आणि वर्षभर एकच नट आवळून बाहेर पडतात. पहिल्याच आठवड्यात साहेबांना सांगा की मला मेंटेनन्सला टाका, नाहीच ऐकलं तर शिफ्ट सुटल्यावर अर्धा तास मेंटेनन्सच्या वर्कशॉपमध्ये जाऊन बसा, पाना पुसून द्या, कपलिंग (मोटर आणि पंपाचे दांडे जोडणारा भाग) उघडताना बॅटरी धरा. लाज वाटते, वाटू द्या. आणि अप्रेंटिसशिपची शेवटची परीक्षा देऊन सर्टिफिकेट घ्याच, अर्धवट सोडू नका.

सुरुवात बेअरिंगपासून करा, म्हणजे फिरणारा दांडा (शाफ्ट) पेलणारी, दोन रिंगांमध्ये गोळ्या असलेली चकती. नंबर वाचता आला पाहिजे, ६२०५ म्हणजे शेवटच्या ०५ ला पाचने गुणा, आतलं भोक २५ मिलीमीटर, ६३०८ असेल तर ४० (हे ०४ पासून पुढं चालतं, ०० ते ०३ वेगळे, ते १०, १२, १५, १७ असे पाठच करा). झेडझेड म्हणजे दोन्ही बाजूला पत्र्याचं झाकण. मी अप्रेंटिस असताना शाफ्टवर बेअरिंग चढवताना बाहेरच्या रिंगवर हातोडा घातला, बसली एकदम झकास, मी खूश, तिसऱ्या दिवशी मोटर गुरगुरायला लागली. मिस्त्रीनं बेअरिंग कापून आतल्या रेसवरचे (गोळ्या फिरतात त्या खाचेवरचे) ठसे दाखवले, एका शब्दानं ओरडला नाही, त्यानंच जास्त लागलं. शाफ्टवर चढवायची तर जोर आतल्या रिंगवर, हाउसिंगमध्ये, म्हणजे बाहेरच्या खोबणीत बसवायची तर बाहेरच्या रिंगवर. गरम करून बसवत असाल तर इंडक्शन हीटरवर साधारण ११० डिग्री बास, गॅसची ज्योत लावू नका. आणि ग्रीस ठासून भरू नका, जास्त ग्रीसनंही बेअरिंग तापते.

मग अलाइनमेंट, म्हणजे दोन्ही दांडे एका रेषेत आणणं. पंप आणि मोटरचं कपलिंग डायल (बारीक हालचाल मोजणारं काट्याचं मीटर) लावून बघायला शिका, पण त्याआधी मोटरचे पाय तपासा. एकेक बोल्ट सैल करा, डायलचा काटा ५० मायक्रॉनच्या पुढं हलला तर तो पाय अधांतरी आहे, खाली शिम (पातळ पत्र्याची पट्टी) टाका. हे न करता लोक दिवसभर कपलिंग जुळवत बसतात आणि बोल्ट आवळला की परत सगळं हललेलं.

फिटर म्हणून वायरला हात लावायचा नाही हे मात्र डोक्यातून काढा, मल्टीमीटर आणि न्यूमॅटिकची (हवेच्या दाबावर चालणाऱ्या यंत्रणेची) ड्रॉइंग वाचता येणारा फिटर दुप्पट कामाचा. लाइव्ह पॅनेल मात्र इलेक्ट्रिशियनचं, आणि मशीनमध्ये हात घालण्याआधी मेन स्विच बंद, स्वतःचं कुलूप, चावी स्वतःच्या खिशात. प्रॉडक्शनवाला कितीही बोंबलू दे.

एक वही ठेवा. मशीन, आवाज कसा होता, काय सापडलं, काय केलं. इंटरव्ह्यूला मी नवीन पोराला हेच विचारतो, शेवटचा ब्रेकडाऊन सांग, आणि जो "पार्ट बदलला साहेब" एवढंच म्हणतो त्याला पुढचं विचारतच नाही.

गावाकडचेच असाल तर साखर कारखाना बघा, गाळप बंद झालं की ऑफसीझनला अख्खी मिल, गिअरबॉक्स, पंप खोलतात, तीन महिन्यात कंपनीतल्या तीन वर्षांएवढं बघायला मिळतं. पुढं शिकायचं असेल तर आयटीआयवर डिप्लोमाच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश आहे. गल्फला शटडाऊनसाठी (प्लांट बंद ठेवून होणाऱ्या दुरुस्तीसाठी) बोलावतात तेव्हा एजंट सरकारी नोंदणीचा आहे का ते सरकारच्या ई-मायग्रेट पोर्टलवर बघा, मगच पासपोर्ट हातात द्या.