लग्नकार्यातल्या व्हेंडरांची बोलणी एआयवर सोपवताना या चुका टाळा

तुळशीचे लग्न झाले की गोव्यात लग्नांचा हंगाम सुरू होतो आणि त्याच सुमारास नव्या नियोजकांचे मला फोन येऊ लागतात. बहुतेकांनी व्हॉट्सॲप, जीमेल आणि गूगल शीट एकमेकांना जोडून ठेवलेले असते. झॅपियर, मेक किंवा एन८एन यांपैकी एखाद्या साधनातून व्हेंडरचा प्रत्येक निरोप एआयकडे जातो, एआय त्यातून तारीख, रक्कम आणि कामाची स्थिती वेगळी काढते आणि शीटमध्ये भरते. ही रचना चांगली आहे आणि मी स्वतःही तीच वापरतो, कारण केटरर, माटववाले (मांडववाले), फुलवाले, साउंड, जनरेटर, मेकअप, फोटोग्राफर, गाड्या आणि भटजी या सगळ्यांशी एकाच वेळी चाललेले बोलणे कोणाच्याही डोक्यात राहत नाही. परंतु रचना उभी करण्याच्या घाईत त्याच त्या चुका दर हंगामात होताना दिसतात आणि त्यांची किंमत यजमानाला मोजावी लागते.

अटीवरचा होकार ‘पक्के’ म्हणून लिहिला जाणे

ही चूक मला सर्वांत अधिक खटकते, म्हणून तिच्याबद्दल सविस्तर लिहितो. दक्षिण गोव्यातल्या सासष्टी तालुक्यात किनाऱ्याजवळच्या एका लॉनवर संगीताचा कार्यक्रम ठरला होता. तिथल्या विजेच्या जोडणीवर एलईडी वॉल आणि साउंड दोन्ही चालणार नव्हते, त्यामुळे तरुण नियोजकाने १२५ केव्हीए क्षमतेचा जनरेटर सांगितला होता. शुक्रवारी दुपारी तीनपर्यंत पोचेल का, असे त्याने विचारल्यावर जनरेटरवाल्याचे उत्तर आले, “हय, पळयतां. गाडी मेळ्ळी जाल्यार धाडटां.” हो, बघतो; गाडी मिळाली तर पाठवतो, इतकेच तो माणूस म्हणत होता, आणि हंगामाच्या दिवसांत त्याने दिलेले ते प्रामाणिक उत्तर होते. एआयने ‘हय’ उचलले, पुढची अट गाळली आणि शीटमध्ये ‘जनरेटर, पक्के, शुक्रवार दुपारी ३’ अशी नोंद केली. पुढे रोज सकाळी नियोजकाला मिळणारा गोषवारा मूळ संभाषणावरून तयार होत नव्हता, तो शीटवरून होत होता. त्यामुळे तीच चुकीची नोंद रोज नव्याने, अधिकाधिक विश्वासार्ह दिसत त्याच्यासमोर येत राहिली.

शुक्रवारी चार वाजले तरी जनरेटर आला नाही, तेव्हा त्याने मला बोलावले. फोन केल्यावर कळले की जनरेटरवाल्याने तो सेट ॲडव्हान्स देणाऱ्या दुसऱ्या लग्नाला दिला होता, आणि व्यवहाराच्या दृष्टीने त्यात त्याचे काहीच चुकले नव्हते. मडगावच्या ओळखीच्या इलेक्ट्रिशियनकडून ६२ केव्हीएचा सेट मिळवला, एलईडी वॉल बंद ठेवली आणि साउंड कसाबसा चालवला. सात वाजता सुरू व्हायचा कार्यक्रम साडेआठ वाजता सुरू झाला. ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांनुसार उघड्यावर रात्री दहानंतर ध्वनिक्षेपक लावता येत नाही, त्यामुळे गेलेला वेळ शेवटी भरून काढण्याची सोय नव्हती. वधूच्या मैत्रिणींनी महिनाभर बसवलेले नाच त्या रात्री झालेच नाहीत.

यावर माझी सवय अशी आहे. शीटमध्ये ‘विचारले’, ‘बोलणे चालू’, ‘अटीवर होकार’ आणि ‘पक्के’ अशा चार स्थिती असतात. पहिल्या तीन एआयने भराव्यात. ‘पक्के’साठी वेगळा रकाना असतो; तो गूगल शीटमध्ये संरक्षित करून ठेवलेला असतो आणि तो फक्त मी हाताने भरतो. ॲडव्हान्स पोचल्याची पावती, तसेच तारीख, वेळ, जागा आणि संख्या या चारही गोष्टी एकाच निरोपात लिहिलेल्या असल्याशिवाय मी तो भरत नाही. त्याच ओळीत ‘मूळ वाक्य’ नावाचा रकाना असतो आणि त्यात व्हेंडरचे शब्द जसेच्या तसे उतरलेले असले पाहिजेत. एआयला दिलेल्या सूचनेत मी लिहून ठेवले आहे की वाक्यात ‘जर’, ‘तर’, ‘बघतो’, ‘पळयतां’, ‘मिळाले तर’ असे काही दिसले तर ते अटीवरचे समजावे आणि एखादी गोष्ट स्पष्ट नसेल तर अंदाज न बांधता रकाना रिकामा ठेवावा. रिकामा रकाना लगेच डोळ्यांत भरतो आणि फोन करायला लावतो. नवख्यांना असे रिकामे रकाने आवडत नाहीत; सगळी शीट हिरवी दिसावी अशी त्यांना घाई असते, आणि त्या घाईपायीच हे सगळे घडते. अंगठ्याच्या चिन्हाबद्दलही हेच सांगेन: व्हेंडरने अंगठा दाखवला म्हणजे त्याने निरोप वाचला, एवढाच अर्थ घ्यावा.

पुढे पाठवलेल्या निरोपातली ‘उद्या’

तारखांचा घोळ हा दुसरा जुना रोग आहे. गोव्यात लग्नासाठी लागणाऱ्या फुलांपैकी पुष्कळशी बेळगावहून चोर्ला घाटातून येतात. एका फुलवाल्याने मंगळवारी वधूच्या काकांना निरोप पाठवला की गाडी उद्या रात्री सुटते. काकांनी तो बुधवारी संध्याकाळी नियोजकाकडे पुढे पाठवला. व्हॉट्सॲपवर पुढे पाठवलेल्या निरोपाला तो पुढे पाठवल्याची वेळ लागते, मूळ निरोपाची वेळ त्याच्याबरोबर येत नाही. साहजिकच एआयने बुधवारपासून मोजून गाडी गुरुवारी रात्री सुटेल आणि शुक्रवारी पहाटे पोचेल असे लिहिले. गाडी प्रत्यक्षात गुरुवारी पहाटेच म्हापशात येऊन उभी राहिली. उतरवून घ्यायला कोणी नव्हते, ड्रायव्हरचा फोन लागत नव्हता, आणि ताडपत्रीखाली दुपारपर्यंत राहिलेली शेवंती आतून उबून तपकिरी पडली. करंड्यांच्या वरच्या थरातली फुले ताजी दिसत होती, त्यामुळे माटव सजवायला घेईपर्यंत नुकसान कोणाच्या लक्षातही आले नाही.

पुढे पाठवलेला निरोप एआयने तारखेसाठी वापरूच नये, अशी सूचना द्यावी. व्हॉट्सॲपने व्यवसायांसाठी दिलेल्या अधिकृत जोडणीत निरोप पुढे पाठवलेला आहे की नाही हे कळते, त्यामुळे अशा ओळी वेगळ्या काढता येतात. व्हेंडरांकडून मी नेहमी वार आणि तारीख दोन्ही लिहून घेतो, कारण ‘गुरुवार, ४ डिसेंबर’ यातले एक चुकले तर दुसऱ्याशी जुळत नाही आणि चूक उघडी पडते. महिना अक्षरांत लिहिण्याचा आग्रहही मी धरतो. यजमान अमेरिकेत असतील तर त्यांचे ‘११/१’ म्हणजे १ नोव्हेंबर, आणि आपल्या केटररच्या दृष्टीने तीच ११ जानेवारी. व्हॉट्सॲपचे संभाषण फाइल म्हणून बाहेर काढले तरी त्यातल्या तारखा त्या त्या फोनच्या मांडणीप्रमाणे येतात, तेव्हा दोन घरच्या दोन फायली एकत्र करण्यापूर्वी हे तपासलेच पाहिजे.

न आलेल्या निरोपाची नोंद नसणे

ऑटोमेशन निरोप आल्यावर जागे होते. दहा दिवस गप्प असलेल्या व्हेंडरबद्दल ते काहीच सांगत नाही, आणि लग्नात दगा बहुधा गप्प असलेल्याकडूनच होतो. यासाठी एआयची गरजही नाही. प्रत्येक व्हेंडरसमोर ‘शेवटचे बोलणे’ असा तारखेचा रकाना ठेवावा, आजच्या तारखेतून तो वजा करावा आणि अंतर ठरलेल्या दिवसांपेक्षा वाढले की ओळ लाल व्हावी. लग्नाला महिना असताना मी सात दिवसांची मुदत धरतो, शेवटच्या आठवड्यात एका दिवसाची. हे साधे सूत्र सोडून लोक महागडे साधन विकत घेतात, याचे मला वाईट वाटते.

याला जोडूनच दुसरी गोष्ट येते. गोव्यातला अर्धा व्यवहार अजूनही फोनवर बोलून ठरतो आणि ते बोलणे कोणत्याही ऑटोमेशनला ऐकू येत नाही. फोन ठेवल्याबरोबर मी व्हेंडरला चार ओळी लिहून पाठवतो: आत्ता आपले बोलणे झाले त्याप्रमाणे इतक्या खुर्च्या, अमुक दिवशी, अमुक वाजता, या ठिकाणी, जीएसटी धरून इतकी रक्कम, बरोबर असेल तर ‘बरोबर’ एवढे लिहावे. त्याचे उत्तर आले की शीटमध्ये नोंद आपोआप होते. ‘जीएसटी धरून’ हे शब्द त्यात असलेच पाहिजेत, नाहीतर शेवटच्या बिलावर वाद ठरलेला आहे.

आवाजी निरोपांवर डोळे मिटून विश्वास ठेवणे

आपल्याकडचे व्हेंडर टाइप करण्यापेक्षा बोलून पाठवणे पसंत करतात, आणि बोलतात ते कोकणी, मराठी, हिंदी अशा मिसळलेल्या भाषेत. आवाजाचे लेखन करणाऱ्या अनेक साधनांच्या मुळाशी असलेल्या व्हिस्पर या मॉडेलच्या भाषांच्या यादीत मराठी आहे, कोकणी नाही. कोकणी बोलणे त्याला दिले तर ते मराठीसारखे काहीतरी लिहून देते, आणि मजकूर इतका सफाईदार दिसतो की चूक जाणवत नाही. ध्वनिफितीत नुसता गोंगाट किंवा शांतता असेल तर कोणी न बोललेली वाक्येही ते रचते, हे अभ्यासकांनी दाखवून दिले आहे. गावांच्या नावांत तर हमखास फसगत होते: उत्तर गोव्यातल्या बार्देश तालुक्यातले कोलवाळ आणि दक्षिणेकडच्या सासष्टीतले कोलवा यांत एका अक्षराचा फरक आहे, पण खुर्च्यांचा ट्रक चुकून दुसरीकडे गेला तर सगळा गोवा ओलांडून परत यावे लागते. म्हणून आवाजी निरोपातून आलेली प्रत्येक ओळ मी वेगळ्या रंगात ठेवतो आणि गाव, तालुका व आकडे स्वतः ऐकल्याशिवाय पुढे जाऊ देत नाही. हे काम कंटाळवाणे आहे, तरीही ते टाळू नये.

गाड्यांच्या नोंदीतही हेच पथ्य पाळावे. २०२३ च्या जानेवारीत मोपा विमानतळावरून वाहतूक सुरू झाल्यापासून गोव्याला दोन विमानतळ आहेत, त्यामुळे नुसते ‘एअरपोर्ट’ लिहिलेली नोंद अपुरी आहे. दाबोळी की मोपा हे विमानाच्या क्रमांकासह लिहिले नसेल तर गाडीवाल्याची ओळ ‘पक्के’ करू नये.

एआयला परस्पर उत्तर देऊ देणे

याबाबत माझे मत ठाम आहे: व्हेंडरला जाणारे उत्तर एआयने तयार करावे, पाठवावे माणसाने. डेकोरेटरने दर वाढवून मागितल्यावर नम्रपणे ‘चालेल’ असे परस्पर कळवून मोकळे झालेले ऑटोमेशन मी पाहिले आहे. लिहून दिलेला शब्द मागे घ्यायला यजमानाला फार जड गेले. शिवाय वर्षानुवर्षे आपल्यासाठी रात्री-अपरात्री धावून येणाऱ्या माणसाला यंत्राशी बोलायला लावणे मला योग्य वाटत नाही. स्मरणपत्रे आपोआप पाठवायचीच असतील तर दुपारी एक ते चार या वेळेत पाठवू नयेत. ती गोव्यात विश्रांतीची वेळ आहे आणि त्या वेळी आलेला तगादा व्हेंडरच्या मनात राहतो.

अनधिकृत जोडणीही टाळावी. क्यूआर कोड स्कॅन करून व्हॉट्सॲप चालवणारी स्वस्त साधने नियमबाह्य आहेत आणि त्यापायी नंबर बंद होऊ शकतो. हंगामाच्या मध्यावर नंबर बंद पडला तर सगळ्या व्हेंडरांशी संपर्क तुटतो. अधिकृत जोडणीत व्हेंडरच्या शेवटच्या निरोपानंतर २४ तास मोकळेपणाने लिहिता येते, त्यापुढे व्हॉट्सॲपने मंजूर केलेल्या नमुन्यातलाच निरोप पाठवावा लागतो. ही मर्यादा आधी समजून घेऊन नमुने वेळेत मंजूर करून ठेवावेत. व्हॉट्सॲपवर पाठवलेला निरोप १५ मिनिटांपर्यंत बदलता येतो, हेही ध्यानात असावे: व्हेंडरने ३५० चे ४५० केले तरी कित्येकांच्या शीटमध्ये आधीचाच आकडा राहतो, म्हणून निरोप आल्यावर किमान वीस मिनिटांनी मूळ संभाषण पुन्हा पाहून मगच आकडा धरावा.

पाहुण्यांची कागदपत्रे या प्रवाहात कधीही सोडू नयेत. परदेशी पाहुण्यांची माहिती हॉटेलला ते आल्यापासून २४ तासांच्या आत सरकारकडे कळवावी लागते, त्यामुळे पासपोर्टच्या प्रती मागितल्या जातात, आणि घाईत त्या व्हेंडरांच्याच ग्रुपवर टाकल्या जातात; तो ग्रुप जोडलेला असेल तर तिथून त्या आपोआप एआयकडे आणि शीटमध्ये पोचतात. व्यक्तिगत माहितीच्या संरक्षणाचा कायदा २०२३ मध्ये संमत झालेला आहे, आणि तो नसता तरी दुसऱ्याच्या पासपोर्टची जबाबदारी आपल्यावर असतेच. मी या प्रती थेट हॉटेलच्या ईमेलवर पाठवायला सांगतो, तो ईमेल ऑटोमेशनला जोडलेला नसतो, आणि ग्रुपवर चुकून आलेली प्रत ग्रुपमधून, शीटमधून आणि साधनाच्या नोंदींमधून त्याच दिवशी काढून टाकतो.