प्रौढ वयात आइस हॉकी शिकताना: टोरांटो परिसरातील नवख्यांसाठी

टोरांटो, मिसिसागा किंवा ब्रॅम्प्टनमध्ये स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांतील मुले पाचव्या-सहाव्या वर्षी स्केट घालून बर्फावर पळू लागतात आणि आईवडील मात्र काचेमागच्या बाकावर कॉफीचा कप धरून बसून राहतात. त्या बाकावरून उठून स्वतः खेळायला लागणे तिशी-चाळिशीतही पूर्णपणे शक्य आहे, कारण या भागात प्रौढ नवशिक्यांसाठी स्केटिंगचे वर्ग, अनौपचारिक खेळाच्या वेळा आणि अगदी खालच्या पायरीच्या लीग अशी सगळी सोय तयार आहे. अडचण बहुतेक वेळा क्रमाची होते. उत्साहाच्या भरात माणूस आधी महागडी स्टिक आणि आवडत्या संघाची जर्सी घेतो आणि बर्फावर उतरल्यावर त्याच्या लक्षात येते की आपल्याला थांबताच येत नाही. हा खेळ आधी पायांचा आहे, म्हणून खर्चाचा पहिला हप्ता आणि शक्य असेल तर पहिला हिवाळा पायांसाठी राखून ठेवावा.

सुरुवात स्केटच्या खरेदीपासून करावी, आणि ती दुकानात जाऊन, पायात घालून, वेळ काढून करावी. वाढत्या मापाचे बूट घेण्याची आपली लहानपणापासूनची सवय येथे घातक ठरते. हॉकीचे स्केट साधारणपणे रोजच्या बुटापेक्षा एक ते दीड माप लहान लागते. बाउर, सीसीएम आणि ट्रू या तिन्ही कंपन्यांच्या स्केटचा साचा थोडाफार वेगळा असतो, त्यामुळे रुंद पंजाच्या माणसाने एकाच कंपनीवर अडून बसू नये. पातळ मोजा घालून पाय आत सरकवावा, टाच जमिनीवर दोन-तीनदा आपटून ती बुटाच्या मागच्या खोबणीत नीट बसवावी आणि मग नाड्या बांधाव्यात. सरळ उभे राहिल्यावर बोटांची टोके पुढच्या टोपीला जेमतेम टेकली पाहिजेत आणि गुडघे वाकवताच ती किंचित मागे सरकली पाहिजेत. टाच आतल्या आत वर उचलली जात असेल तर ते स्केट, कितीही स्वस्त मिळत असले, तरी परत ठेवावे, कारण घोटा सैल राहिला की पाय आतल्या बाजूला कलतो आणि मग माणूस आपल्या घोट्यांनाच दोष देत बसतो. जाड लोकरीचे मोजे घालून ही उणीव भरून निघत नाही. अनेक दुकानांत नवे स्केट भट्टीत थोडे तापवून पायाच्या आकारावर बसवून देतात. ही सोय जरूर घ्यावी.

नव्या स्केटला धार लावलेली नसते, ती लावून घ्यावी लागते, हे पुष्कळांना ठाऊक नसते. पात्याचा तळ सपाट नसतो. त्यात लांबीच्या दिशेने एक उथळ चर घातलेला असतो आणि त्या चराच्या दोन्ही बाजूंना ज्या दोन कडा उरतात, त्यांवर सगळे स्केटिंग चालते. हा चर किती त्रिज्येच्या वर्तुळाचा आहे, ते इंचात सांगतात. त्रिज्या जितकी लहान तितका चर खोल आणि कडा बर्फात अधिक रुतणाऱ्या. धार लावणारा माप विचारील तेव्हा नवशिक्याने अर्धा इंच सांगावे. वजन जास्त असेल किंवा थांबताना पाय अडकल्यासारखा वाटत असेल तर पुढच्या वेळी ५/८ इंच करून पाहावे. धार उरली आहे का हे पाहण्यासाठी नखाची पाठ कडेवर आडवी हलकेच फिरवावी. नखाचा बारीक कीस निघाला तर धार शाबूत आहे. दोन्ही बाजूंना हे करून पाहावे, कारण रबरी चटई सोडून खडे असलेल्या जमिनीवर दोन पावले जरी टाकली तरी एका बाजूची कड जाऊ शकते, आणि मग एकाच दिशेला वळताना पाय का घसरतो याचा उलगडा होत नाही.

सरावासाठी पैसे फारसे लागत नाहीत. टोरांटो महापालिकेचे उघड्यावरील कृत्रिम बर्फाचे रिंक शहरभर आहेत, ते साधारण नोव्हेंबरच्या अखेरीस सुरू होतात आणि तेथे मोकळ्या स्केटिंगसाठी सहसा शुल्क पडत नाही. नेथन फिलिप्स चौकातील रिंक पर्यटकांना ठाऊक असतो, पण शिकण्यासाठी आपल्या वस्तीतला, आठवड्याच्या दिवशी दुपारी रिकामा पडणारा रिंक कितीतरी बरा. मोकळ्या स्केटिंगच्या वेळी स्टिक आणि पक, म्हणजे चेंडूऐवजी वापरायची कडक रबरी चकती, आणण्यास मनाई असते आणि हा नियम नवशिक्याच्या फायद्याचाच आहे. महापालिकांचे प्रौढांसाठीचे स्केटिंगचे वर्ग स्वस्त असतात, मात्र नोंदणी सुरू झाल्यावर ते झपाट्याने भरतात. म्हणून ऑनलाइन खाते आधीच उघडून, वर्गाचा क्रमांक हाताशी ठेवून, नोंदणीच्या सकाळी वेळेवर बसावे.

वर्गात असो वा एकट्याने, पहिल्यांदा पडायला शिकावे. हेल्मेट पहिल्याच दिवसापासून डोक्यावर असावे. तोल गेला की हात पुढे टाकून मनगटावर भार घेण्याची उपजत ओढ असते, आणि प्रौढांची मनगटे बहुधा तशीच मोडतात. त्याऐवजी गुडघे वाकवून खाली जावे, एका बाजूला मांडीवर पडावे आणि बोटांवरून कोणाचे पाते जाऊ नये म्हणून मुठी आवळून घ्याव्यात. उठताना दोन्ही गुडघ्यांवर यावे, एक पाते सपाट टेकवावे, त्या गुडघ्यावर दोन्ही हात ठेवावेत आणि सरळ वर उठावे.

त्यानंतरचा सर्वांत महत्त्वाचा धडा थांबण्याचा, आणि त्याला द्यावा तितका वेळ कमीच आहे. कठड्याला दोन्ही हातांनी धरून उभे राहावे आणि एका पायाचे पाते शरीरापासून दूर, आडवे, हलक्या हाताने लोणी काढावे तसे बर्फावरून सरकवावे. पात्यापुढे पांढरा भुगा साठू लागला की पाते योग्य कोनात आहे. भुगा न येता पाते अडकत असेल तर ते फार तिरपे रुतते आहे. घोटा थोडा सरळ करावा. हे दोन्ही पायांना जमले की संथ वेगात पुढे जाताना टाचा बाहेर ढकलून, नांगराच्या फाळासारखा आकार करून थांबता येते. खरा हॉकीचा थांबा, म्हणजे कंबर झटक्यात वळवून दोन्ही पाती वेगाला आडवी करणे, त्यानंतरचा. त्यात गुडघे भरपूर वाकलेले असावेत आणि भार मुख्यतः पुढच्या पायावर असावा. प्रत्येकाची एक बाजू लवकर तयार होते आणि दुसरी महिनोन्महिने रुसून बसते. तरी सराव दुसऱ्याच बाजूचा जास्त करावा, कारण खेळात पक कोणत्या बाजूला जाणार हे आपल्या हातात नसते. पुण्या-मुंबईत लहानपणी चार चाकांचे रोलर स्केट वापरलेल्यांचा तोल लवकर जमतो, पण पुढच्या रबरी ब्रेकवर थांबण्याची त्यांची सवय मोडावी लागते, कारण येथे पात्याला ब्रेक नसतो. थांबण्यासोबत उलटे स्केटिंग आणि वळणावर पायापुढून पाय टाकणे एवढे कामचलाऊ जमले की स्टिक हातात घ्यायला हरकत नाही.

स्टिकची लांबी स्केट घालून उभे राहिल्यावर साधारण हनुवटीपर्यंत असावी. जास्त असेल तर दुकानदार कापून देतो, पण कापल्यावर ती अधिक ताठ होते हे लक्षात ठेवावे. लवचीकपणाचा आकडा स्टिकवर छापलेला असतो आणि आपल्या पौंडांतील वजनाच्या निम्म्याच्या आसपासचा आकडा निवडावा असा ढोबळ नियम आहे: ७० किलोच्या माणसाला ७५ची स्टिक पुरते. डावी की उजवी हा प्रश्न भारतीयांना गोंधळात टाकतो. उजव्या हाताने फलंदाजी करणाऱ्याचा आणि मैदानी हॉकी खेळलेल्याचा डावा हात वर आणि उजवा खाली असतो, म्हणून त्याला उजवी स्टिक आपोआप सुखाची वाटते. कॅनडात मात्र उजव्या हाताने लिहिणारे अनेक जण डावी स्टिक वापरतात. विख्यात हॉकीपटू वेन ग्रेट्स्की त्यांपैकीच एक. येथील प्रशिक्षकांचा युक्तिवाद असा की पक खेळवण्याचे बारीक काम वरच्या हाताचे आहे, तेव्हा कसलेला हात वर हवा. माझे मत असे की ज्याने वीस वर्षे बॅट धरली आहे, त्याने या वादात न पडता उजवी स्टिक घ्यावी. शिकण्यासारखे इतर पुष्कळ आहे.

बाकीचे साहित्य जुने घेण्यास मुळीच संकोच करू नये. नडगीचे पॅड, कोपराचे पॅड, खांद्याचे पॅड, जाड पँट आणि हातमोजे प्ले इट अगेन स्पोर्ट्ससारख्या जुन्या सामानाच्या दुकानांत किंवा किजिजी या जाहिरातींच्या संकेतस्थळावर नव्याच्या निम्म्याहून कमी किमतीत मिळतात. हातमोज्यांचे तळवे फाटलेले नाहीत एवढे पाहावे. हेल्मेट, गळपट्टा, दातांचे कवच आणि लंगोटाच्या जागचे कवच मात्र नवेच घ्यावे. हेल्मेटवर आणि चेहऱ्यापुढच्या जाळीवर कॅनडाच्या मानक संस्थेची, म्हणजे सीएसएची, खूण असली पाहिजे. प्रौढांच्या काही लीगमध्ये अर्धी काच चालते, पण पूर्ण जाळीच घ्यावी, कारण ओंटारियोच्या सरकारी आरोग्य विम्यात दातांचे नेहमीचे उपचार बसत नाहीत आणि एका पुढच्या दाताच्या खर्चात अशा जाळ्या कितीतरी येतात. गळपट्ट्याबाबत हयगय नसावी. २८ ऑक्टोबर २०२३ रोजी इंग्लंडमध्ये शेफिल्ड येथील सामन्यात ॲडम जॉन्सन या व्यावसायिक खेळाडूचा पाते गळ्याला लागून मृत्यू झाला. तेव्हापासून या साध्या पट्ट्याकडे सर्वत्र गांभीर्याने पाहिले जाते.

साहित्य चढवण्याला क्रम आहे. आधी खालचे कवच, मग नडगीचे पॅड, त्यांवर लांब मोजे आणि ते जागचे हलू नयेत म्हणून पारदर्शक टेप. त्यानंतर पँट आणि लगेच स्केट. खांद्याचे पॅड आधी चढवले तर वाकून नाड्या आवळता येत नाहीत, आणि ड्रेसिंगरूममध्ये ही फजिती हमखास ओळखू येते. पहिल्यांदा हे सगळे घरी, दिवाणखान्यात, वेळ लावून घालून पाहावे. खेळून आल्यावर सगळे ताबडतोब बॅगेतून काढून वाळत घालावे आणि पाती कापडाने कोरडी करून त्यांवर कापडी खोळ चढवावी. कडक प्लॅस्टिकच्या खोळीत ओली पाती ठेवली की गंज धरतो.

लीगच्या आधी शिनी खेळावी. शिनी म्हणजे पंच, गुणफलक आणि ठरलेले संघ यांपैकी काहीही नसलेला खेळ. अनेक ठिकाणी अजूनही सगळ्यांच्या स्टिक मध्यभागी ढिगाने ठेवतात आणि एक जण त्या उचलून एक या बाजूला, एक त्या बाजूला असे वाटप करतो. आपली स्टिक जिकडे पडेल तो आपला संघ. वेळापत्रकात वयोगट आणि कौशल्याची पातळी दिलेली असते, ती पाहूनच जावे. पक कमरेच्या वर उडवू नये, तरबेज खेळाडू भोवतीने गेला तर वाईट वाटून घेऊ नये आणि आपल्याला खेळता येत नाही हे सुरुवातीलाच सांगून टाकावे. सांगितले की लोक पक हळू देतात.

नियमांपैकी दोन आधी पक्के करावेत. पक निळी रेषा ओलांडून प्रतिस्पर्ध्याच्या भागात जाण्यापूर्वी आपण गेलो तर ऑफसाइड होते, आणि मधल्या लाल रेषेच्या अलीकडून मारलेला पक कोणालाही न लागता प्रतिस्पर्ध्याची गोलरेषा ओलांडून गेला तर आयसिंग होते. मनोरंजनाच्या लीगमध्ये अंगावर धडकण्याची मुभा नसते. तरी कठड्याकडे तोंड करून उभ्या असलेल्याला मागून कधीही ढकलू नये. गोलरक्षक धरून एका बाजूचे सहा जण बर्फावर असतात आणि बाकीचे बाकावर बसून पाळी घेतात. एक पाळी ४५ सेकंद ते एक मिनिट एवढीच असावी. दम लागूनही बर्फावर रेंगाळणे हा नवशिक्यांचा सर्वांत मोठा दोष आहे आणि सहकारी चुकलेल्या पासपेक्षा त्यावरच अधिक चिडतात.

जागा निवडायला मिळाली तर विंगर, म्हणजे कडेने खेळणारा आघाडीपटू, व्हावे, कारण बचावपटूला उलटे स्केटिंग चांगले यावे लागते आणि सेंटरला, म्हणजे मधल्या आघाडीपटूला, दोन्ही टोकांपर्यंत धावावे लागते. विंगरने कठड्याजवळची आपली पट्टी सोडून पकामागे पळत सुटू नये. हे डोळ्यांनी शिकण्याचा उत्तम मार्ग म्हणजे दूरदर्शनवरचा सामना पाहताना पकावरची नजर काढून एकाच विंगरवर ठेवणे. २००८ पासून हॉकीचे पंजाबी समालोचनही होत आले आहे. हिंदी जाणणाऱ्या मराठी माणसाला ते बरेचसे समजते आणि खेळाचे शब्द कानावर बसतात. महिलांसाठी जानेवारी २०२४ पासून पीडब्ल्यूएचएल ही व्यावसायिक लीग सुरू झाली असून टोरांटोचा संघ तिच्यात आहे, आणि महिला नवशिक्यांच्या स्वतंत्र लीगही या परिसरात सापडतात.

लीगमध्ये संघ नसला तरी एकट्याने नाव नोंदवता येते. कॅनलन स्पोर्ट्सच्या अॅडल्ट सेफ हॉकी लीगसारख्या ठिकाणी अशा खेळाडूंना संघ शोधून देतात. पातळी विचारतील तेव्हा सर्वांत खालची सांगावी. फी भरण्याआधी सामने किती, फीमध्ये पंचांचे आणि गोलरक्षकाचे पैसे धरले आहेत का, अपघात विमा आहे का आणि सामने किती वाजता असतात, हे विचारून घ्यावे. प्रौढांच्या सामन्यांना बहुधा रात्री दहा-अकराची वेळ मिळते. तेव्हा दुसऱ्या दिवशी सकाळी आठची मीटिंग असणाऱ्यांनी वेळापत्रक हाती आल्याशिवाय पैसे भरू नयेत. चाळिशी ओलांडलेल्यांनी किंवा रक्तदाब, मधुमेह असणाऱ्यांनी आधी डॉक्टरांचा सल्ला घ्यावा, कारण थांबून थांबून एकदम जोर लावण्याचा हा खेळ हृदयावर ताण आणतो. डोक्याला मार लागून गरगरले तर त्या रात्री पुन्हा बर्फावर उतरू नये.

ज्यांना वेगापेक्षा चेंडूवरची नजर आणि धैर्य यांवर भरवसा आहे, विशेषतः ज्यांनी यष्टिरक्षण केले आहे, त्यांनी गोलरक्षक होण्याचा विचार करावा. त्याचे साहित्य कितीतरी महाग असते आणि त्याच्या स्केटला धारही वेगळी, अधिक उथळ लावतात. पण गोलरक्षकांची टंचाई एवढी आहे की बहुतेक संघ त्याच्याकडून फी घेत नाहीत आणि आयत्या वेळी मिळत नसला तर पैसे देऊन बोलावतात.