मुंबईच्या वाऱ्यासाठी हायड्रोफॉइलचा पुढचा पंख निवडताना
हायड्रोफॉइल म्हणजे बोर्डाखाली पाण्यात राहून त्याला वर उचलणारी पंखांची जोडणी. विंगफॉइलिंग (हातात फुगवलेले शीड धरून फॉइलवर जाणे) आणि डाउनविंड (वाऱ्याच्या दिशेने समुद्राच्या उसळीवर जाणे) या दोन्हींसाठी एकच पुढचा पंख घ्यायचा असल्यास आधी क्षेत्रफळ पाहावे. मार्च ते मे या काळात मुंबईत दुपारनंतर सुटणारे खारे वारे बहुधा मध्यमच असल्याने, सुमारे 75 किलो वजनाच्या व्यक्तीला 1000 ते 1200 चौरस सेंटिमीटरचा पंख सोयीचा पडतो. मग आस्पेक्ट रेशो, म्हणजे विस्ताराचा (पंखाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंतच्या लांबीचा) वर्ग भागिले क्षेत्रफळ: 100 सेंटिमीटर विस्तार आणि 1100 चौरस सेंटिमीटर क्षेत्रफळ असेल तर तो सुमारे 9 येतो, आणि माझ्या मते दोन्ही कामांना तोच उजवा. 12 च्या पुढचा पंख उसळीवर लांबवर नेतो खरा, पण वळायला जड जातो आणि वेग उतरताच एकाएकी उचल सोडून खाली बसतो. पंखाच्या कडेला प्लॅस्टिकची पिशवी अडकली (जुहूला हे नवे नाही), की कोणत्याही पंखाची उचल जाते.