गिअर अडतोय? गिअरबॉक्स उतरवण्याआधी एवढं तपासा

गिअर पडत नाही म्हणून गाडी गॅरेजला नेली की निकाल तयारच असतो: 'क्लच प्लेट गेली, गिअरबॉक्स उतरवावा लागेल.' मग हजारो रुपयांचा क्लच सेट बसतो, आणि दोन आठवड्यांनी रिव्हर्स टाकताना तोच कर्रर्र आवाज पुन्हा येतो. कारण दोष प्लेटचा नव्हताच. ढिल्या केबलपायी, हायड्रॉलिकमधल्या (क्लच तेलाच्या दाबावर चालवणाऱ्या यंत्रणेतल्या) हवेपायी गिअरबॉक्स उतरवलेले मी इतके पाहिलेत की आता कोणी न तपासता प्लेटचं नाव घेतलं की राग येतो. पुढच्या चाचण्यांना एकही पाना लागत नाही. सपाट, मोकळी जागा हवी आणि गाडीच्या पुढे-मागे कोणी उभं नको.

एक गोष्ट आधी डोक्यात पक्की करा. क्लच इंजिनाला गिअरबॉक्सशी जोडून ठेवतो आणि पॅडल दाबलं की सोडवतो. क्लचचे मुख्य आजार दोन, आणि ते एकमेकांच्या उलट. एकात क्लच नीट पकडत नाही, म्हणजे स्लिप होतो. दुसऱ्यात तो नीट सुटत नाही. स्लिप होणाऱ्या क्लचमुळे गिअर कधीच अडत नाहीत. गिअर जड पडत असतील आणि समोरचा 'प्लेट घासली' म्हणत असेल, तर त्याला थांबवा.

सुरुवात पायाखालून करा. मॅट काढा. कंपनीच्या मॅटवर जाड रबरी मॅट टाकायची आपल्याकडे सवय आहे. ती पुढे सरकली की पॅडल तळापर्यंत जात नाही आणि क्लच अर्धवट सुटतो.

मग इंजिन बंद ठेवून, क्लच दाबून सगळे गिअर टाकून बघा. एखादा अडला तर क्लच सोडून पुन्हा दाबा, दाते जुळले की पडेल. इंजिन बंद असतानाही सगळेच जड जात असतील तर लिव्हरपासून गिअरबॉक्सपर्यंतचं लिंकेज (जोडणाऱ्या दांड्या), गिअरच्या केबल आणि बुश (सांध्यांतल्या छोट्या कड्या) बघायला सांगा. लिव्हर न्यूट्रलमध्येही लोंबकळत असेल तर बुश झिजलेत. हे काम स्वस्त असतं.

इंजिन बंद असताना लोण्यासारखे पडणारे गिअर इंजिन चालू केल्यावर अडत असतील, तर खरा प्रश्न इथे सुरू होतो: क्लच सुटत नाही, की गिअरबॉक्समधली सिंक्रो रिंग (गिअर पडण्याआधी फिरत्या भागांचा वेग जुळवणारी कडी) झिजली? मलाही हा फरक कळायला सगळ्यात जास्त वेळ लागला, कारण लिव्हर धरलेल्या हाताला दोन्ही सारखेच लागतात.

क्लच पूर्ण दाबून लिव्हर न्यूट्रलला आणला की गिअरबॉक्सचा इनपुट शाफ्ट (क्लचकडून फिरणारा दांडा) इंजिनपासून सुटा होतो आणि काही सेकंदांत थांबतो. क्लच नीट सुटत नसेल तर इंजिन त्याला फिरवतच राहतं. पुढे जायच्या गिअरना सिंक्रो असतो. तो त्या फिरत्या शाफ्टला ब्रेक लावायचा प्रयत्न करतो, म्हणून लिव्हर नुसता जड लागतो आणि आजार झाकला जातो. बऱ्याच छोट्या गाड्यांत रिव्हर्सला सिंक्रो नसतो. म्हणून खरं उत्तर रिव्हर्स देतो.

इंजिन गरम होऊ द्या, एसी बंद करा म्हणजे आयडल (ॲक्सिलरेटर न देता इंजिन फिरतं तो वेग) खाली राहील. हँडब्रेक ओढा, क्लच तळापर्यंत दाबा, लिव्हर न्यूट्रलला ठेवा. आता सावकाश पाचपर्यंत मोजा आणि मगच रिव्हर्स टाका. ही वाट बघणं म्हणजेच चाचणी आहे, आणि नेमकं तेच कोणी करत नाही. क्लच दाबताक्षणी रिव्हर्स टाकला तर धडधाकट गाडीही कर्रर्र करेल. पाच मोजूनही खरखर आली तर क्लच सुटत नाही, शंका ठेवू नका. रिव्हर्सलाही सिंक्रो असलेल्या गाडीत खरखर येणार नाही. तिथे पहिला गिअर टाका, क्लच तळापर्यंत दाबलेलाच ठेवा, हँडब्रेक सोडा, पाय ब्रेकजवळ तयार ठेवा. सपाट जमिनीवर गाडी पुढे सरकू लागली तर अर्थ तोच.

क्लच सुटत नाही हे कळल्यावरही प्लेटवर उडी मारू नका. पॅडल तीन-चारदा भराभर पंप करा, शेवटी तळापर्यंत दाबूनच ठेवा, पाच मोजा आणि रिव्हर्स टाका. आता अलगद पडला तर हायड्रॉलिक यंत्रणेत हवा आहे किंवा मास्टर (पॅडलकडचा) अथवा स्लेव्ह (गिअरबॉक्सकडचा) सिलिंडर गळतोय. टॉर्च घेऊन पॅडलच्या वर जिथे दांडी आत जाते तिथे बोट फिरवा. बोट ओलं झालं तर चोर सापडला. अनेक गाड्यांत क्लच आणि ब्रेकचं तेल एकाच डबीतून जातं, म्हणून ही गळती अंगावर काढू नका. मारुती ८०० आणि अल्टोसारख्या गाड्यांत मात्र केबल असते. तिचं गिअरबॉक्सकडचं टोक बघा, तारा सुटून पिंजारलेल्या असतील तर आजच बदला. कोकणातल्या दमट हवेत ती लवकर गंजते आणि पॅडल जड होतं.

याच केबलवरून एक सल्ला सर्रास दिला जातो: 'क्लच टाइट करून घ्या.' आजार कुठला हे न बघता केबल आवळणं घातक आहे. पॅडल हाताने दाबलं की वजन लागण्याआधी ते थोडं मोकळं हलतं. हा फ्री प्ले किती हवा ते गाडीच्या पुस्तकात दिलेलं असतं. तो जास्त असेल तर क्लच सुटत नाही, तेव्हा आवळणं बरोबर. तो उरलाच नसेल तर प्रेशर प्लेट (क्लच प्लेटला पकडून ठेवणारी) कायम अर्धवट दाबलेली राहते, पकड ढिली पडते आणि क्लच स्लिप होतो. तिथे केबल सैल करायची असते. स्लिप होणाऱ्या गाडीची केबल आवळली तर चांगली प्लेटही जळते.

सिंक्रोची ओळख वेगळी. उभ्या गाडीत सगळे गिअर गुपचूप पडतात, चालत्या गाडीत एकच खरखरतो, बहुधा दुसरा, आणि तोही तिसऱ्यातून खाली येताना. खात्री करायची तर क्लच दाबून न्यूट्रल करा, क्लच सोडा, थोडा ॲक्सिलरेटर द्या, पुन्हा क्लच दाबून दुसरा टाका. असा टाकल्यावर आवाज गेला तर सिंक्रो झिजलाय. क्लच सेट बदलून यात काडीचाही फरक पडणार नाही.

फक्त सकाळी, थंड गाडीत गिअर जड असतील तर आधी गिअर ऑइलची पातळी आणि ग्रेड तपासा. पुस्तकात ७५डब्ल्यू-८० लिहिलेलं असताना ड्रममधलं नव्वद नंबरचं जाड तेल ओतणारी गॅरेजेस आहेत.

स्लिपची चाचणी सोपी: रिकाम्या रस्त्यावर, हलक्या चढावर चौथ्या गिअरमध्ये ४०-५० च्या वेगाला ॲक्सिलरेटर पूर्ण दाबा. इंजिनाचा आवाज चढला आणि वेग तिथेच राहिला तर क्लच स्लिप होतोय. नुसता वेग धिम्याने वाढत असेल तर दोष इंजिनात शोधा. हँडब्रेक ओढून तिसऱ्या गिअरमध्ये क्लच सोडायची चाचणी लोक पुन्हा पुन्हा करतात. तीच प्लेट जाळते, करू नका.

क्लच दाबल्यावर घरघर येत असेल तर रिलीज बेअरिंग (पॅडलचा दाब प्रेशर प्लेटवर देणारं). न्यूट्रलला घरघर असून क्लच दाबल्यावर थांबत असेल तर गिअरबॉक्सचा इनपुट शाफ्ट बेअरिंग. गाडी जागेवरून निघताना थरथरत असेल तर इंजिन माउंटिंग (इंजिन टेकतं ते रबरी आधार) आधी बघा, नाहीतर प्लेटवर तेल आलं असेल.

एवढं होऊनही गिअरबॉक्स उतरवायचीच वेळ आली, तर प्लेट, प्रेशर प्लेट आणि रिलीज बेअरिंग तिन्ही एकदम बदला. मजुरी तीच लागते. फ्लायव्हीलवर (क्लच प्लेट टेकते ते इंजिनाचं जड चाक) निळसर डाग किंवा तडे असतील तर ते तसंच परत बसवू देऊ नका. इंजिनाच्या मागच्या ऑइल सीलकडे स्वतः बघा, कारण तो गळत असेल तर नव्या प्लेटवरही तेल येणार. आणि जुनी प्लेट मागून घ्या: रिव्हेटच्या वर अजून चांगलं अस्तर शिल्लक असेल, तर ती का बदलली हे तिथेच, पैसे देण्याआधी विचारा.