घरची कॉफी बिघडते कुठे? कमी खर्चात चांगली कॉफी करताना या चुका टाळा

सांगली-मिरजेकडच्या बहुतेक घरांत कॉफी ही चहाच्या पातेल्यात, चहाच्या सवयीने आणि चहाच्याच गाळण्यातून केली जाते. एखादा पाहुणा चहा घेत नाही असे कळले की फडताळातली कॉफीची बाटली बाहेर येते, दुधात साखर आणि पावडर एकदमच पडते आणि दोन-तीन उकळ्या येईपर्यंत पातेले गॅसवर राहते. अशी कॉफी कडवट, करपट किंवा नुसतीच गोड लागली की दोष पावडरीला दिला जातो आणि पुढच्या वेळी महागडी पावडर किंवा थेट यंत्रच घेण्याचा विचार सुरू होतो. वस्तुतः घरच्या कॉफीतले बरेचसे दोष पैशाने सुटणारे नसतात. चहाला मानवणारी रीत कॉफीला मानवत नाही, हे ध्यानात घेऊन पाणी, आच, वेळ आणि प्रमाण यांच्याकडे पाहिले, तर स्टीलच्या साध्या फिल्टरमधूनही उत्तम कॉफी निघते.

उकळण्याची सवय

दळलेल्या कॉफीवर गरम पाणी पडले की सगळे घटक एकाच वेळी पाण्यात उतरत नाहीत. आधी आंबटसर आणि सुवासिक घटक येतात, मग गोडवा येतो, आणि कडू व जिभेला कोरड आणणारे घटक सर्वांत शेवटी येतात. पावडर पाण्यात किंवा दुधात उकळत ठेवली की हे शेवटचे घटकही पुरेपूर उतरतात आणि सुवास मात्र वाफेबरोबर निघून स्वयंपाकघरात पसरतो. घरभर कॉफीचा घमघमाट सुटला की आपल्याला समाधान वाटते, पण तो वास कपात राहायला हवा होता.

कॉफीसाठी पाणी साधारण ९० ते ९६ अंश सेल्सिअसचे असावे. सांगली समुद्रसपाटीपासून सुमारे ५५० मीटर उंचीवर आहे आणि दर ३०० मीटरला पाण्याचा उत्कलनबिंदू अंदाजे एक अंशाने उतरतो, म्हणजे इथले पाणी ९८ अंशांच्या आसपासच उकळते. उकळी आल्यावर गॅस बंद करून अर्धा-पाऊण मिनिट थांबले तरी पुरते, थर्मामीटरची गरज नाही. सुट्टीत महाबळेश्वरला फिल्टर सोबत नेलात, तर सुमारे १,३५० मीटर उंचीवर पाणी ९५-९६ अंशांनाच उकळत असल्यामुळे तिथे थांबण्याचेही कारण उरत नाही.

इन्स्टंट कॉफीचा अर्क कारखान्यातच काढून वाळवलेला असतो, त्यामुळे ती उकळून काहीच मिळत नाही. कपात दोन चमचे कोमट पाण्यात ती नीट विरघळवावी आणि वरून गरम दूध ओतावे. इन्स्टंटला कमी लेखण्याचे कारण नाही. घरात कॉफी पिणारी एकच व्यक्ती असेल आणि तीही रोज पीत नसेल, तर फिल्टरची पावडर शिळी करून टाकण्यापेक्षा लहान बाटली शहाणपणाची ठरते.

फिल्टर अडतो, किंवा डिकॉक्शन पाण्यासारखे येते

दोन मजली फिल्टर (वरच्या छिद्रांच्या भांड्यात पावडर आणि गरम पाणी, खालच्या भांड्यात ठिबकून जमणारा दाट अर्क, म्हणजे डिकॉक्शन) हे कमी खर्चातले सर्वांत चांगले साधन आहे आणि तक्रारीही त्याच्याच जास्त ऐकू येतात. त्या मुख्यतः दोनच असतात. एक तर सकाळी सातला ओतलेले पाणी आठ वाजले तरी वरच्या भांड्यात तसेच उभे असते, नाहीतर पाच मिनिटांत सगळे खाली उतरून चहाच्या रंगाचे पाणी जमते. नीट भरलेल्या मध्यम फिल्टरमधून डिकॉक्शन उतरायला साधारण पंधरा ते वीस मिनिटे लागावीत.

पाणी अडत असेल तर प्रथम छिद्रे तपासावीत. वरच्या भांड्याचा तळ उजेडासमोर धरला की किती छिद्रे बुजली आहेत ते लगेच दिसते. कॉफीतले तेल आणि बारीक कण तिथे साचून घट्ट बसतात आणि नुसत्या विसळण्याने निघत नाहीत. फिल्टर स्टीलचा असेल तर तळ गॅसच्या आचेवर काही क्षण धरून अडकलेली पावडर जाळावी आणि निवल्यावर ब्रशने घासावी. हा उपाय पितळी फिल्टरवर करू नये, कारण त्याला आतून कल्हई असते आणि कल्हईचे कथील २३२ अंशांनाच वितळते. कल्हई उडालेल्या पितळी फिल्टरमध्ये आम्लधर्मी डिकॉक्शन साठवू नये. तो आधी कल्हईवाल्याकडे द्यावा, नाहीतर शोभेसाठी ठेवावा.

छिद्रे मोकळी असूनही पाणी अडत असेल, तर पावडर फार बारीक आहे, फार दाबली गेली आहे किंवा तिच्यात चिकोरी, म्हणजे कॉफीत मिसळतात ती भाजलेल्या मुळाची पूड, जास्त आहे. चिकोरी पाण्याने फुगते आणि वाट अडवते. फिल्टरसोबत मिळणाऱ्या दांडीच्या चकतीने पावडर हलकेच सपाट करावी. तिच्यावर जोर देऊ नये. अडलेला फिल्टर सोडवण्यासाठी वरचे भांडे किंचित उचलून खाली कोंडलेली हवा मोकळी करावी आणि परत बसवावे. चमच्याने ढवळल्यास बारीक कण थेट छिद्रांवर जाऊन बसतात आणि अडथळा वाढतो.

डिकॉक्शन पातळ येण्याची कारणे याच्या उलट असतात: पावडर भरड असते, थर विस्कटलेला असतो, किंवा चकती न ठेवताच पाण्याची धार एका जागी सोडल्याने पावडरीत खड्डा पडून पाणी त्यातूनच निसटते. चकती ठेवूनच पाणी ओतावे. पहिल्यांदा पावडर भिजेल इतकेच ओतून अर्धा मिनिट थांबावे, म्हणजे भाजलेल्या कॉफीतला कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो आणि थर एकसारखा फुगतो. उरलेले पाणी नंतर सावकाश ओतावे.

प्रमाणाबाबत अंदाजपंचे कारभार फार चालतो. वीस ग्रॅम पावडर, म्हणजे साधारण चार सपाट मोठे चमचे, आणि १२० मिलिलिटर पाणी हे सोयीचे माप आहे. पावडर आपल्या वजनाच्या सुमारे दुप्पट पाणी धरून ठेवते, म्हणून खाली ८० मिलिलिटरच्या आसपास डिकॉक्शन उतरते आणि त्यात तीन कप कॉफी होते. या हिशेबाने १०० ग्रॅमच्या पाकिटातून पंधरा कप निघतात. काटकसर म्हणून त्याच पावडरीवर दुसऱ्यांदा पाणी ओतले जाते, तेव्हा वर सांगितलेला शेवटचा कडवटपणा तेवढा गोळा होतो. कपाचा खर्च कमी करायचाच असेल तर कप लहान घ्यावा.

डिकॉक्शन उरले तर झाकून फ्रिजमध्ये ठेवावे आणि दुसऱ्या दिवशी संपवावे. ते थेट गॅसवर गरम करू नये; वाटी गरम पाण्यात ठेवून कोमट करावी आणि वर उकळीचे दूध ओतावे.

पावडर घेताना आणि साठवताना

पाकिटावर ८०:२० किंवा ६०:४० असे आकडे असतात, त्यांतला पहिला कॉफीचा आणि दुसरा चिकोरीचा. भारतातील नियमांनुसार कॉफी-चिकोरी मिश्रणात वजनाने किमान ५१ टक्के कॉफी असावी लागते आणि हे प्रमाण पाकिटावर छापावे लागते, म्हणूनच ५३:४७ अशी पाकिटे दिसतात. चिकोरी हे भाजलेले मूळ आहे, त्यात कॅफीन नसते, आणि ती दाट रंग व जाडपणा देते. रंगावरून कॉफीची ताकद जोखणाऱ्याची इथे फसगत होते. दोन पाकिटांची तुलना करताना किमतीला कॉफीच्या टक्क्यांनी भागून पाहावे; स्वस्त वाटलेले पाकीट नेहमीच स्वस्त निघत नाही. माझ्या मते दुधाच्या कॉफीसाठी ८०:२० हे प्रमाण उत्तम आहे: डिकॉक्शनला अंग येते आणि कॉफीची चवही झाकली जात नाही.

मिरज जंक्शनमुळे आपल्या भागाचा बेंगळुरूशी जुना संबंध आहे. राणी चन्नम्मा एक्स्प्रेसने येणारे नातेवाईक प्रेमाने किलोभर ताजी पावडर आणतात आणि ती पुढे चार महिने पुरवली जाते. ताजेपणाचा याहून मोठा अपव्यय नाही. दळलेली पावडर उघडल्यावर दोन आठवड्यांत उतरणीला लागते, अख्ख्या बिया महिनाभर तग धरतात. पाहुण्याला पाव किलोच आणायला सांगावे, किंवा बिया आणायला सांगून घरी दळाव्यात.

घरच्या मिक्सरवर दळता येते, पण सलग फिरवू नये. चटणीच्या कोरड्या भांड्यात दोन-तीन सेकंदांचे झटके देत, मध्ये भांडे हलवत दळावे, नाहीतर अर्धी पूड धूळ होते, अर्धी भरड राहते आणि भांडे तापून वास उडतो. त्याआधी मूठभर कोरडे तांदूळ फिरवून घेतले नाहीत, तर कांदा-लसूण मसाला कॉफीत हजर होतो.

पावडर हवाबंद डब्यात, गॅसच्या शेगडीपासून दूर ठेवावी. रोज वापरायचा डबा फ्रिजमध्ये ठेवण्याची पद्धत चुकीची आहे, कारण थंड डबा बाहेर काढला की आत दव धरते आणि शेजारच्या पदार्थांचे वासही लागतात. शिराळ्याकडच्या पावसाळी हवेत इन्स्टंट कॉफीचा दगड होतो. त्यासाठी कोरडा चमचा आणि लहान बाटली एवढाच इलाज आहे.

पाणी

कपात बहुतांश भाग पाण्याचा असूनही त्याचा विचार सर्वांत शेवटी होतो. जत, आटपाडी भागात बोअरचे पाणी अनेक ठिकाणी मचूळ आणि जड असते. अशा पाण्यातले बायकार्बोनेट कॉफीतली आम्ले मारतात, आणि चांगली पावडरही सपक, खडूसारखी लागते. उलट आरओ यंत्रातून क्षार जवळपास नाहीसे झालेले पाणी घेतले तर कॉफी बोचरी आणि पोकळ लागते, कारण चव उतरवायला थोडे कॅल्शियम-मॅग्नेशियम लागतेच. टीडीएस, म्हणजे विरघळलेल्या क्षारांचे प्रमाण, १५० मिलिग्रॅम प्रतिलिटरच्या आसपास असलेले पाणी कॉफीला मानवते. ७५ ते २५० पर्यंत चालून जाते. यंत्र दुरुस्तीला येणाऱ्या माणसाकडे मोजण्याचे उपकरण असतेच, त्याच्याकडून एकदा आकडा समजून घ्यावा. आरओचे आणि नळाचे गाळलेले पाणी निम्मे-निम्मे मिसळून उकळणे हा फुकटातला उपाय आहे.

दूध, साखर, गूळ

भिलवडीच्या परिसरात दुधाचा व्यवसाय पूर्वीपासून बहरलेला आहे, त्यामुळे चांगल्या दुधाची इथे वानवा नाही. अडचण झालीच तर जास्त घट्ट दुधाची होते. म्हशीच्या दुधात सहा-सात टक्के स्निग्धांश असतो आणि तो कॉफीची चव झाकतो. तीन भाग दुधाला एक भाग पाणी घालावे, किंवा गाईचे दूध वापरावे. सकाळपासून चार वेळा तापवलेल्या दुधाला शिजका वास येतो. ते कॉफीला वापरू नये.

दूध फाटण्याचा दोष बहुधा कॉफीवर ढकलला जातो. कॉफी सौम्य आम्लधर्मी असते हे खरे, पण ताजे दूध ती सहन करते. दूध आदल्या दिवशीचे असेल आणि त्यात आधीच आंबटपणा चढू लागला असेल, तर गरम डिकॉक्शन हे केवळ निमित्त होते. गुळाचेही असेच आहे. उकळत्या दुधात गूळ टाकला तर दूध फाटण्याचा संभव मोठा असतो, म्हणून गॅस बंद करून, कॉफी कपात ओतल्यावर किसलेला गूळ घालून ढवळावे. जायफळ आवडत असल्यास शेवटी नखभर किसावे. शिळ्या पावडरीचा दोष लपवण्यासाठी जायफळ वाढवत नेणारी घरेही पाहण्यात आहेत.

चवीवरून दोष ओळखताना

कॉफी आंबट आणि पातळ लागली तर अर्क अपुरा उतरला आहे: दळण बारीक करावे किंवा पाणी अधिक गरम घ्यावे. कडू आणि घशाला कोरडी लागली तर अर्क जास्त उतरला आहे: दळण किंचित भरड करावे, वेळ कमी करावा. चव ठीक असून नुसती फिकी असेल तर पावडर वाढवावी. ती जास्त वेळ ठेवून दाटपणा येत नाही, कडूपणा येतो. एका वेळी एकच गोष्ट बदलावी. दळण, प्रमाण आणि दूध एकदम बदलले तर कशाने काय सुधारले हे कळायला मार्ग उरत नाही. चहाचे गाळणे कॉफीला वापरले जात असेल, तर इतर काही बदलण्यापूर्वी ते वेगळे करावे.

खर्च करायचाच असेल तर

पहिले पैसे ताज्या पावडरीवर, म्हणजे दर पंधरवड्याला १०० ग्रॅम घेण्यावर खर्चावेत. त्यानंतर स्टीलचा फिल्टर, तोही घरातल्या कपांच्या हिशेबाने घ्यावा. मोठ्या फिल्टरमध्ये थोडी पावडर टाकली की थर पातळ पडून पाणी भरकन उतरते. तिसरा क्रम ग्रॅममध्ये मोजणाऱ्या लहान वजनकाट्याचा. तो भाकरी-केकच्या पिठालाही उपयोगी पडतो. हाताने फिरवायचा ग्राइंडर मिक्सरपेक्षा एकसारखे दळतो, परंतु वीस ग्रॅमला काही मिनिटे हात चालवावा लागतो, आणि सकाळी डबे भरण्याच्या घाईत चौघांच्या कॉफीसाठी तो रोज कोण फिरवणार हे विकत घेण्याआधी घरात ठरवून घ्यावे.