भुईमुगाचा संकर: बडोद्याच्या हवेत, कुंडीत आणि वाफ्यात

भुईमुगाचे फूल सकाळी उमललेले दिसते तेव्हा त्याचे स्वपरागीभवन बहुधा उरकलेलेच असते. त्यामुळे संकराचे काम आदल्या दिवशी दुपारी सुरू करावे लागते. नवशिक्यांचे बहुतेक 'संकर' इथेच फसतात. शेंग लागते, दाणा भरतो, पण तो निव्वळ आईचाच असतो.

आधी आई-बाप निवडा. लागवडीतला भुईमूग ४० गुणसूत्रांचा आहे. दक्षिण अमेरिकेत, बोलिव्हियाचा दक्षिण भाग आणि अर्जेंटिनाचा वायव्य भाग या टापूत, अराकिस ड्युरानेन्सिस आणि अराकिस इपाएन्सिस या २०-२० गुणसूत्रांच्या रानटी जातींचा संकर होऊन तो जन्मला. गुणसूत्रे दुप्पट झाली आणि तो रानटी भाऊबंदांपासून तुटला. म्हणून सगळ्या वाणांचा मूळ साठा तोकडा आहे. हैदराबादजवळच्या पाटणचेऱ्याला इक्रिसॅट ही आंतरराष्ट्रीय पीक संशोधन संस्था आहे; तिच्या जनुकपेढीत भुईमुगाचे १५,००० हून अधिक नमुने आहेत, पण शेतकऱ्यांच्या शेतात फिरणारे वाण मोजक्याच घराण्यांतले. दोन लोकप्रिय उपटे (झुडपासारखे उभे वाढणारे) वाण एकमेकांत मिसळले तर हाती फारसे नवे येत नाही. आमचा आग्रह असा की एक उपटा, स्पॅनिश गटातला घ्यावा आणि दुसरा पसरा (जमिनीवर पसरणारा), व्हर्जिनिया गटातला.

बडोद्यासाठी सोपी जोडी म्हणजे टीजी-३७ए आई आणि जीएयूजी-१० बाप. आई उपटी, बाप पसरा. पसरेपणा सहसा प्रभावी असतो, त्यामुळे पहिल्या पिढीत झाड पसरले की संकर साधला हे डोळ्यांनी कळते. टिक्का (पानांवर काळे ठिपके पाडणारा रोग) आणि तांबेऱ्याला तोंड देणारा वाण हवा असेल तर बाप म्हणून धारवाडचा जीपीबीडी-४ उत्तम. त्याच्या प्रतिकाराचे मूळ अराकिस कार्डेनासी या रानटी जातीत आहे. मात्र हाही उपटाच, त्यामुळे झाडाच्या ठेवणीवरून संकर ओळखता येत नाही, डीएनए चाचणी लागते. रानटी जातीशी थेट संकर करायच्या फंदात पडू नका. २० आणि ४० गुणसूत्रांच्या मेळातून ३० ची रोपे येतात आणि ती वांझ निघतात. ते काम प्रयोगशाळेचे.

पेरणी खरिपात, जूनच्या अखेरीस करा. उन्हाळी पिकात फुलांच्या वेळी हवा कोरडी झाली की कुक्षी सुकते, परागही लवकर मरतात. खरिपात अडचण पावसाची: भिजलेला पराग निकामी होतो, म्हणून आईच्या कुंड्या पत्र्याखाली किंवा प्लास्टिकच्या छपराखाली ठेवा. पसरा वाण उशिरा फुलतो, तेव्हा बाप आठ-दहा दिवस आधी आणि दोन-तीन हप्त्यांत पेरा. बडोद्याची काळी माती नुसती वापरू नका. ती आवळली की आऱ्या (फुलानंतर जमिनीत शिरून टोकाला शेंग धरणारे दांडे) आत शिरत नाहीत आणि काढणीला शेंगा तुटून आतच राहतात. ३० सेंमी तोंडाच्या कुंडीत दोन भाग गोराडू (गुजरातेतली रेताड पोयट्याची) माती, एक भाग वाळू, एक भाग कुजलेले शेणखत घाला. फुले लागताच प्रत्येक कुंडीला ३-४ ग्रॅम जिप्सम द्या. शेंग कॅल्शियम थेट आपल्या भोवतालच्या मातीतून घेते. ते कमी पडले तर कष्टाने केलेल्या संकराची शेंग पोचट निघते.

आता मुख्य काम. पेरणीनंतर २५ ते ३० दिवसांनी फुले लागतात. पहिल्या दोन-तीन आठवड्यांतली, खालच्या पेऱ्यांवरची फुलेच धरा. वरच्या आऱ्या जमिनीपर्यंत पोहोचत नाहीत. दुपारी दोन ते साडेचारच्या दरम्यान, उद्या उमलणारी कळी शोधा. निदलांच्या फटीतून पिवळी पाकळी जेमतेम डोकावत असेल, तीच ती. त्या पेऱ्यावरच्या बाकीच्या कळ्या आणि फुले खुडून टाका.

कळी डाव्या हाताच्या अंगठ्यात आणि तर्जनीत अलगद धरा. तिच्याखालची बारीक दांडी हा देठ नव्हे. ती निदलांची पोकळ नळी आहे, तिच्या आतून कुक्षिवृंत खाली जातो आणि बीजांडकोश पार तळाशी, पानाच्या बगलेत असतो. नळी चिमटली किंवा ओढली गेली की आतला धागा तुटतो. वरून कळी ताजी दिसते, पण काम संपलेले असते.

एका बाजूचे सुटे निदल टोकदार चिमट्याने काढा. मोठी पाकळी मागे सारा, दोन्ही पंखपाकळ्या बाजूला करा, मग नावेसारखी पाकळी हळूच खाली ओढा. पुंकेसर उघडे पडतील. मोजून १० असतात, त्यांपैकी सहसा आठांवर परागकोष असतात, चार गोल आणि चार लांबट. आठही काढा. एक जरी राहिला तरी रात्रीत घात होतो. परागकोष फुटून पिवळी भुकटी दिसली तर ती कळी टाकून द्या. काम झाले की मोठी पाकळी पुन्हा मिटवा आणि पेऱ्याला रंगीत दोरा बांधा. मंगळबाजारात मिळणारा भरतकामाचा दोरा चालतो, पण रंग पक्का हवा, पावसात उतरणारा नको. दर कळीनंतर चिमट्याचे टोक स्पिरिटमध्ये बुडवून पुसा.

दुसऱ्या दिवशी सकाळी सहा ते नऊ. बापाचे ताजे फूल तोडा, नावेसारखी पाकळी तळाशी दाबा. टोकातून चिकट परागाचा ठिपका बाहेर येतो. तो आईच्या कुक्षीला टेकवा. दोन-चार कळ्यांना मुद्दाम पराग लावू नका, त्यांना वेगळ्या रंगाचा दोरा बांधा. त्यांना आऱ्या सुटल्या तर तुमची आदल्या दिवशीची सफाई अपुरी आहे, सगळी खेप संशयित धरा.

आठवड्याभरात बगलेतून आरी डोकावते. तिलाही सैल दोरा बांधा. दोरा नसलेली प्रत्येक आरी काढून टाका. तीन आठवड्यांनी संकर थांबवा, पण पुढची फुले रोज सकाळी खुडत राहा. हा कंटाळवाणा भाग टाळला की काढणीला कोणती शेंग कोणाची, हे कोणालाच सांगता येत नाही.

संकराच्या दाण्याची साल पाहून निष्कर्ष काढू नका. साल आईची असते, बाप लाल दाण्याचा असला तरी ती बदलत नाही. तो रंग पुढच्या पिढीच्या दाण्यावर दिसेल. एफ१, म्हणजे संकराच्या पहिल्या पिढीची, झाडे सुटी पेरा, संशयित झाडे उपटा, उरलेल्यांचे बी झाडवार वेगळ्या पिशवीत ठेवा.

एफ२, म्हणजे एफ१ च्या बियांतून आलेल्या दुसऱ्या पिढीला, कंजूषी नको. उदाहरणार्थ, तेलात जास्त ओलेइक आम्ल (एक मेदाम्ल) असण्याचा गुण दोन अप्रभावी जनुकांच्या जोडीवर अवलंबून असतो, म्हणजे १६ झाडांत सरासरी एक. असे एक तरी झाड मिळण्याची ९५ टक्के खात्री हवी तर ४७ झाडे लागतात. त्यावर उत्पन्न आणि रोगप्रतिकारही निवडायचा तर २००-३०० झाडे धरा. उत्पन्नावरून एफ२ मध्ये एकेक झाड निवडण्यात अर्थ नाही, एका झाडाच्या शेंगा जागेवर आणि पाण्यावर फार हलतात. या पिढीत ठेवण, रोग, शेंगेचा आकार पाहा. उत्पन्नाची तुलना एफ५-एफ६ पासून, प्रचलित वाणाच्या ओळी मध्ये घालून, किमान तीन पुनरावृत्तींत करा. टिक्क्याची निवड रोग आलेल्या वाफ्यातच करावी लागते. म्हणून तिथे बुरशीनाशक फवारू नका आणि दर काही ओळींनंतर रोगाला बळी पडणाऱ्या वाणाची एक ओळ पेरा.