शेंगेन टुरिस्ट व्हिसा: अर्ज अडकवणाऱ्या या चुका टाळा

शेंगेन म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणारा युरोपातल्या देशांचा गट. त्याच्या व्हिसासाठी व्हीएफएस किंवा बीएलएस या अर्ज स्वीकारणाऱ्या खासगी कंपन्यांच्या केंद्रात खिडकीपलीकडे बसलेली व्यक्ती कागद जमा करते आणि बोटांचे ठसे घेते. निर्णय होतो वकिलातीत, आणि तिथल्या अधिकाऱ्यापुढे फक्त तुमची फाइल असते. खात्यात भरपूर पैसे असूनही अर्ज फेटाळले जातात ते यामुळेच. एक कागद एक सांगतो, दुसरा दुसरंच, आणि खुलासा करायला तुम्ही समोर नसता.

जिथे अपॉइंटमेंट मिळेल तिथे अर्ज

उन्हाळ्याच्या सुट्टीआधी फ्रान्स किंवा स्वित्झर्लंडच्या तारखा पटापट संपतात. मग एखाद्या देशाची तारीख मोकळी दिसली की अर्ज तिकडे टाकला जातो. नियम असा की ज्या देशात सर्वांत जास्त दिवस राहणार, अर्ज त्याच देशाकडे करायचा. दिवस सारखे असतील तर ज्या देशात आधी उतरणार त्याच्याकडे. पॅरिस ४ रात्री, स्वित्झर्लंडमधलं लुसर्न ३ रात्री, इटली ४ रात्री आणि विमान पॅरिसला उतरतंय, तर फ्रान्स. इटलीत एक रात्र वाढवली की इटली. दुसरीकडे अर्ज करायचाच असेल तर आधी सहलच खरोखर बदला. नुसती हॉटेलं इकडची तिकडे करून अर्ज भरायचा आणि प्रत्यक्षात जुन्याच बेताने फिरायचं, हे विमानतळावरच्या चौकशीत अंगाशी येऊ शकतं.

अर्ज प्रवासाच्या ६ महिने आधीपासून करता येतो आणि उशिरात उशिरा १५ दिवस आधी. निर्णयाला साधारण १५ दिवस लागतात, पण ते ४५ पर्यंत वाढू शकतात. मे महिन्यात निघायचं असेल तर नोव्हेंबर-डिसेंबरमध्येच तयारीला लागा. जास्तीचे पैसे देऊन घेतलेल्या प्रीमियम सेवेने केंद्रातली रांग टळते, वकिलातीतला निर्णय लवकर लागत नाही.

तारखांचा मेळ

सर्वांत जास्त घोळ इथेच होतो. समजा, मुंबईहून विमान १० मेच्या पहाटे २ वाजता आहे आणि रोमहून परतीचं २१ मेच्या संध्याकाळी. मुक्काम ११ रात्रींचा, पण शेंगेनमधले दिवस १२, कारण उतरण्याचा आणि निघण्याचा असे दोन्ही दिवस धरतात. अर्जात ११ लिहिलं की तिकिटाशी विसंगती आलीच. मुंबईत तुम्ही २२ तारखेला पोहोचणार, म्हणून ऑफिसच्या एनओसीत रजा १० ते २२ अशी हवी. त्यावर पद, रुजू झाल्याची तारीख, सही आणि शिक्काही हवा.

लुसर्नचं हॉटेल १७ ला सोडलं आणि इटलीचं बुकिंग १८ पासून असेल, तर मधली रात्र कुठे काढणार? रात्रीची बस किंवा ट्रेन असेल तर तिचं बुकिंग जोडा. तारीख, शहर, मुक्काम आणि पुढचा प्रवास असे चार रकाने असलेला एक पानी तक्ता करा आणि बाकीचा प्रत्येक कागद त्याच्याशी ताडून पाहा.

विमा किमान ३०,००० युरोचा, सर्व शेंगेन देशांत आणि मुक्कामाच्या सर्व दिवसांसाठी चालणारा हवा. आपल्याकडच्या पॉलिसी बहुतेक डॉलरमध्ये असतात, तेव्हा ५०,००० डॉलरची घ्या. विमान चुकलं तर म्हणून दोन दिवस जास्तीचे धरलेले बरे.

खात्यात अचानक आलेले पैसे

फ्रान्सचा हिशेब हॉटेल बुकिंग असल्यास माणशी दिवसाला ६५ युरो, नसल्यास १२० युरो असा आहे. एवढी शिल्लक बऱ्याच घरांत असते. शंका येते ती अर्जाआधी आठवडाभर एकदम जमा झालेल्या चार-पाच लाखांची, कारण ते उसने आणल्यासारखे दिसतात. एफडी मोडली असेल तर तिची पावती, ग्रॅच्युइटी असेल तर कंपनीचं पत्र, गाडी विकली असेल तर व्यवहाराचा कागद जोडा आणि कव्हर लेटरमध्ये, म्हणजे अर्जासोबतच्या तुमच्या पत्रात, दोन ओळी लिहा. सॅलरी स्लिपवरची हातात पडणारी रक्कम आणि स्टेटमेंटवर जमा झालेली रक्कम एकच आहे ना, तेही बघा. स्टेटमेंटवर बँकेचा सही-शिक्का घ्या.

उत्पन्न शेतीचं असल्याने रिटर्न भरलेला नसेल, तर सातबारा आणि बाजार समितीच्या किंवा साखर कारखान्याच्या पावत्या इंग्रजी भाषांतरासह द्या. नुसता मराठी सातबारा अधिकाऱ्याला वाचता येणार नाही.

नाव

आपल्या पासपोर्टवर पहिल्या नावाच्या रकान्यात बऱ्याचदा वडिलांचं किंवा नवऱ्याचंही नाव असतं, आणि बँक खात्यावर नसतं. अर्ज, तिकीट आणि विमा यांवर पासपोर्टप्रमाणेच नाव टाका. पासपोर्ट माहेरच्या नावाचा आणि खातं सासरच्या, असं असेल तर विवाह प्रमाणपत्र जोडायला विसरू नका.

मुलाकडे जाताना ‘टुरिस्ट’

मुलगा म्युनिकला नोकरीला आहे, राहणं त्याच्याकडेच, आणि अर्जात मात्र कारण ‘पर्यटन’ व सोबत रद्द करण्यासाठीच केलेलं हॉटेल बुकिंग. हे करू नका. ‘कुटुंबाची भेट’ हाच पर्याय निवडा. आईवडिलांचा खर्च मुलगा करणार असेल, तर जर्मनीत त्याच्या भागातल्या परदेशी नागरिक कार्यालयातून खर्चाचं अधिकृत हमीपत्र मिळतं. त्यासाठीही अपॉइंटमेंट लागते, म्हणून त्याला आधीच कामाला लावा.

व्हिसा हातात आल्यावर

स्टिकरवरची मुदत आणि राहायचे दिवस वेगळे असतात. मुदत ५ जूनपर्यंत असली तरी दिवस १२ लिहिले असतील तर १२ च. प्रवेशाच्या रकान्यात ०१ असेल तर पॅरिसहून लंडनला जाऊन पुन्हा रोमला येता येणार नाही, कारण ब्रिटन शेंगेनमध्ये नाही. असा बेत असेल तर अर्जातच एकाहून अधिक प्रवेश मागा. नाव आणि पासपोर्ट क्रमांक पाकीट उघडल्या उघडल्या तपासा.

आधीच्या ३ वर्षांत दोन शेंगेन व्हिसा नियमाप्रमाणे वापरले असतील, तर एप्रिल २०२४ च्या नियमानुसार भारतात राहणाऱ्या भारतीयांना २ वर्षांचा, अनेकदा ये-जा करता येईल असा व्हिसा मिळू शकतो. त्यासाठी जुन्या व्हिसाच्या प्रती जोडा.

नकार आलाच तर

मोठ्या माणसांचे ९० युरो शुल्क परत मिळत नाही. नकाराच्या छापील कागदावर कारणापुढे खूण केलेली असते, ती आधी नीट वाचा. ‘प्रवासाचा हेतू विश्वासार्ह नाही’ अशी खूण असताना खात्यात आणखी पैसे टाकून काही होत नाही, तिथे बुकिंग, बेत आणि रजेचा कागदच दुरुस्त करावा लागतो. जर्मनीने फेरविचाराची विनाशुल्क सोय १ जुलै २०२५ पासून बंद केली आहे, म्हणजे आता कोर्ट किंवा नवा अर्ज. नकाराची नोंद शेंगेनच्या यंत्रणेत ५ वर्षं राहते आणि दुसऱ्या सदस्य देशालाही दिसते. त्यामुळे नव्या अर्जात ती लपवू नका. मागच्या वेळी काय कमी पडलं आणि आता कोणता कागद जोडला आहे, ते कव्हर लेटरच्या पहिल्याच परिच्छेदात लिहा.